बागेत की वधस्तंभावर?

प्रश्न : आम्ही खानापूरचे मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. थोरला बंगळूरला कंपनीत आहे, खोलीतल्या मित्राबरोबर मॉर्मन नावाच्या अमेरिकी मंडळीच्या सभेला जातो. नाताळला घरी आला नि म्हणाला, "येशूनं आपली पापं वधस्तंभावर नाही, गेथशेमाने बागेत वाहिली." मग आमच्या गुड फ्रायडेचं काय? शिवाय कॅथलिक मुलीचं स्थळ आलंय. यानं तिकडं बाप्तिस्मा घेतला तर अडेल का?
— एक आई

उत्तर : ताई, पोरानं अर्धंच सांगितलं की हो. मॉर्मन वधस्तंभ नाकारत नाहीत. धरला जाण्याआधी येशूनं जिथं प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेत प्रायश्चित्त, म्हणजे आपल्या पापांची भरपाई, सुरू झालं नि वधस्तंभावर पुरं झालं, असं मानतात. भर मात्र बागेवर. शुभवर्तमानात लूक लिहितो, बागेत येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला. त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ यानं १८३० साली छापलेल्या 'मॉर्मनचं पुस्तक' या त्यांच्या धर्मग्रंथात येशूच्या रंध्रारंध्रातून रक्त येतं, तेही लोकांच्या पापांच्या यातनेनं.

पण जागेवरून त्याच्याशी भांडू नका. खरी गाठ पुढं आहे. आपल्याकडं तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. सत्कर्मं मागून येतात. त्यांच्याकडं मेलेल्यातून उठणं सगळ्यांना फुकट, पण सर्वांत वरच्या स्वर्गासाठी बाप्तिस्मा, मंदिरातले विधी नि आज्ञापालन लागतं. "आपल्याला जमेल ते सगळं केल्यावर कृपेनं तारण" असं त्यांचं वचन आहे. हल्ली त्यांच्यातलेच काही जण त्याचा अर्थ मवाळ लावतात, तेही खरं.

मी एकदा बंगळूरला त्यांच्या सभेत मागच्या बाकावर बसलो होतो. भिंतीवर क्रूस नाही. प्रभुभोजनाला पावाचे तुकडे नि चिमुकल्या पेल्यांत साधं पाणी. पोरसवदा मुलगा गुडघे टेकून प्रार्थना वाचत होता. तिच्यात आज्ञा पाळायची तयारी सगळ्यांच्या वतीनं बोलली जाते, जवळपास दर रविवारी. मला ते जरा ओझ्याचं वाटलं. तुमच्या लेकाला कदाचित तीच शिस्त आवडली असेल. विचारून बघा.

आदामाच्या पापाची शिक्षा आपल्यावर येत नाही, असंही ते मानतात. लेकरं ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तानंच निर्दोष, म्हणून आठ वर्षांखाली बाप्तिस्मा नाही. तुम्ही तान्हेपणी दिलेला बाप्तिस्मा ते धरणार नाहीत, पाण्यात बुडवून नव्यानं देतील.

आता स्थळाचं. मॉर्मन बाप्तिस्मा वैध नाही, असं रोमनं, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य पीठानं, २००१ साली ठरवलं. मेथडिस्ट बाप्तिस्मा कॅथलिक मानतात. तेव्हा लहानपणीचा दाखला शोधून ठेवा. पण मुलगा तिकडं गेला असेल तर मुलीच्या फादरना आधीच सांगा, लपवू नका. परवानगी बिशपांकडून घ्यावी लागेल, वेळ जातो.