रत्नागिरीत सायकल सुरू करताय? आधी रस्ता निवडा

सायकल सुरू करायचीय म्हणून गिअरबद्दल विचारलंत, पण ते नंतर बघू. तुम्ही लिहिलंय की कुवारबावला राहता, म्हणजे बाहेर पडलं की कोल्हापूरचा हायवे. सध्या त्याच्या वाटेला जाऊ नका, मुंबई-गोवा हायवेवरच्या हातखंब्याकडे तर नाहीच. नाचण्याच्या बाजूचे आतले रस्ते धरा, तेही उजाडल्यावर. काळोखात खड्डे दिसत नाहीत आणि कुत्रे मागे लागतात.

नवखे हमखास दोन चुका करतात:

- अगदी कडेला चिकटून चालवतात. आपल्याकडे डांबर संपतं तिथे एकदम खाली, त्यात जांभ्याची खडी. मागून एसटीने हॉर्न दिला की दचकून खाली उतरतात आणि पुढचं चाक घसरतं. कडेपासून दोन हात आत, सरळ रेषेत राहा. ड्रायव्हर फार तर चार शिव्या घालेल. चिऱ्याचा डंपर आला तर मात्र थांबून त्याला जाऊ द्या.
- फोटो बघून थेट आरे-वारे गाठतात. समुद्र झकास, पण चढ दम काढतो आणि उतारावर वळणं. आधी भाट्याच्या पुलापर्यंत जा. समोरून वारा असला की तेवढंही पुरे होतं.

रविवारी मोकळा वाटलेला रस्ता सोमवारी शाळेच्या वेळेला स्कूटरवरून बघा, मग ठरवा. पावसाळ्यात सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरतं, तिथे ब्रेक वळणाआधीच. आणि हेल्मेट घेतलंय ना?