मच्छर हिंदी नाही, गुरुजी

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका आशाताईंचा आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डेंग्यूची सूचना रंगवायची होती. ताईंनी 'मच्छर' लिहून दिलं, गुरुजींनी ते खोडून 'डास' केलं. कारण? 'मच्छर हिंदी आहे.' ताई विचारतात, बरोबर काय? आणि पत्रकात छापून येतं ते 'एडीस इजिप्ती' म्हणजे काय?

हे 'मच्छर हिंदी आहे' ऐकून कान किटले. पुण्यात शिकायला होतो तेव्हा मी 'लय मच्छर होऊन रायले' म्हटलं की खोलीतले पोट्टे हसायचे आणि मग स्वतः मच्छरदाणीत शिरायचे. डासदाणी म्हणतं का कोणी? (ही 'दाणी' फारसीतली. अत्तरदाणीत अत्तर ठेवायचं, फुलदाणीत फुलं. फाटकी मच्छरदाणी तेवढी शब्दाला जागते.)

बरं, 'डास' किती सोवळा तेही पाहू. तो 'दंश'वरून आला. आधी 'डांस' लिहीत, 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुस्वार उतरवला. इथवर वाद नाही. पण अमरकोश म्हणतो, 'दंशस्तु वनमक्षिका'. रानमाशी! मनुस्मृतीत 'स्वेदजं दंशमशकम्' अशी जोडी येते, जैन मुनींनी सोसायच्या 22 त्रासांत, म्हणजे परीषहांतही 'दंशमशक' आहे. दंश निराळा, मशक निराळा. म्हणजे गुरुजींनी भिंतीवरून मच्छर उडवला आणि तिथे रानातली माशी आणून बसवली.

आता मच्छर. कोशवाले 'सं. मशक' एवढं लिहून मोकळे होतात. मला हे कधीच पटलं नाही. मशकाचं प्राकृतात 'मसअ' होतं आणि मराठीत त्याचं जे व्हायचं ते होऊन बसलंय : मस. अंगावर येतो तो मस, चामखीळ. संस्कृतातही मशक शब्दाला हा अर्थ आहे. मग त्याच मशकातून आणखी एक 'च्छ' आणि वर 'र' कुठून पैदा झाला? याचं उत्तर कोणी देत नाही. उलट 12व्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात नियमच आहे : ह्रस्व स्वरापुढच्या 'त्स'चा 'च्छ' होतो. उत्साहचा उच्छाह, संवत्सरचा संवच्छर आणि मत्सरचा मच्छर. ओढाताण न करता शब्द आयता हातात येतो. शिवाय संस्कृत कोशांत 'मत्सरा' म्हणजे माशी असा अर्थ नोंदलेला आहे.

एका जाणकारांनी मला सुनावलं होतं, 'अहो, मत्सर म्हणजे हेवा. किड्याला कसला हेवा?' त्यांनी ऋग्वेद उघडलेला नसावा. तिथे मत्सर हे सोमरसाचं विशेषण आहे, मद् धातूवरून : झिंग आणणारा. हेवा मागून आला. पहाटे मच्छरदाणीच्या कोपऱ्यात बसलेला मच्छर पाहा. पोट लालभडक, टम्म. कापड हलवलं तरी जेमतेम वीतभर उडतो आणि पुन्हा बसतो. स्वतःच्या वजनाइतकं रक्त ढोसलंय त्यानं, कधी त्याहून जास्त. याला मत्सर नाही म्हणायचं तर काय? कबूल, सोम झिंग आणतो आणि हा स्वतःच झिंगलेला असतो. एवढी घसरण शब्दाला माफ असावी.

खरं तर 'ढोसलंय तिनं' म्हणायला हवं. रक्त फक्त मादी पिते, अंड्यांसाठी. नर फुलांच्या रसावर भागवतो. तरी आपण 'मच्छर चावला' म्हणतो, डासवालेही 'डास चावला'च म्हणतात. बिचारा नर फुकट बदनाम.

एडीस राहिलं. डेंग्यू पसरवणारी मच्छराची जात ती हीच. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1762 मध्ये तिला 'क्युलेक्स इजिप्ती' नाव दिलं होतं. 'एडीस' ही प्रजाती मायगेन या कीटकशास्त्रज्ञानं 1818 मध्ये केली आणि पुढे इजिप्ती तिच्यात गेली. प्रजाती मोठी, जाती तिच्या पोटात. पेपरवाले सर्रास उलटं लिहितात, तो राग पुन्हा कधीतरी. ग्रीकमध्ये 'अएदेस' म्हणजे नकोसा. त्यातला 'अ' आपलाच नकाराचा, उरलेला भाग आपल्या 'स्वादु'चा सख्खा भाऊ : ग्रीकांनी शब्दारंभीच्या 'स्'चा 'ह्' केला, 'व' टाकला. म्हणजे एडीस हा सरळ 'अस्वादु' निघाला! आपण सोमाचं नाव दिलं, त्यांनी बेचव ठरवलं. (मलेरियावाला अ‍ॅनॉफिलीस याच चालीचा. 'अन्' आपलाच, अर्थ बिनकामाचा.)

हो, भिंत. ताई, मच्छरच लिहा. पायावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, हेही लिहा. आणि 'टाकी रिकामी करा' एवढ्यावर थांबू नका, 'घासा' लिहा. एडीसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीला एकेक चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, सुकून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. मृगाचा पाऊस पडला की आपण कूलर बंद करतो आणि खालची टाकी विसरतो, ती आधी. 'कोरडा दिवस पाळा' मात्र लिहू नका. आमच्या गावात ते वाचून दोघांनी विचारलं, दुकान कधी उघडते म्हणून.