बरडावरच्या धोंड्यातल्या वाट्या कोणाच्या?

प्रश्न : सर, आमचं शेत सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. बरडावर एक भलामोठा काळा धोंडा आहे. त्याच्या वरच्या अंगाला गोल खळगे आहेत, काही ओळीत, काही विखुरलेले. आजी त्यांना ‘भीमन्या वाट्या’, म्हणजे भीमाच्या वाट्या, म्हणायची. मध्यंतरी पोरांनी खळगे खडूने रंगवून फोटो फिरवले. आता जो तो म्हणतो, कोकणासारखी कातळशिल्पं सापडली, लाखो वर्षांची. एकाने तर शेंदूरही लावला. हे खरंच आदिमानवाचं काम आहे का?
– एक शेतकरी वाचक, ता. चाळीसगाव

उत्तर : भाऊ, ते ‘लाखो वर्षं’ आधी बाजूला ठेवू. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पण ते झालं दगडाचं वय. त्यावर कुणी काल नाव कोरलं, तरी दगड तेवढाच जुना राहणार.

तुमच्याच तालुक्यात पाटण्याला पुरातत्त्वज्ञ डॉ. साळी यांनी उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला, त्यावर समांतर रेघा आणि मधे फुल्याफुल्यांची कोरीव नक्षी. कवचात कार्बन असतो, म्हणून वय काढता आलं : सुमारे २५,००० वर्षं. म्हणजे खानदेशात तेव्हा शहामृग हिंडत होते! पाटणादेवीला आपण दरवर्षी जातो, भास्कराचार्यांच्या नावाचा अभिमान सांगतो, आणि हा तुकडा मात्र शेजारच्या गावालाही ठाऊक नसतो.

धोंड्यावर ही सोय नाही. मध्य प्रदेशात मंदसौर जिल्ह्यात दराकी-चट्टान नावाची गुहा आहे. तिच्या भिंतींवर पाचशेहून जास्त खळगे आहेत. तिथे पायथ्याची माती थराथराने खणली, तेव्हा खळगे ठोकायला वापरलेले गोटेच थरांत मिळाले. त्या थरांवरून ते काम फार प्राचीन ठरलं. तुमच्या धोंड्याचीही साक्ष मिळालीच तर बुडाच्या मातीत मिळेल. ती माती कुणाला उकरू देऊ नका.

आता तुमचे खळगे माणसाचे की निसर्गाचे? आपल्या दगडात लाव्ह्यातल्या वायूंचे बुडबुडे असतात, त्यांत पांढरी गारेसारखी खनिजं भरलेली. ती झिजून गळाली की खळगा उरतो. असे खळगे लहानमोठे, आतून खरबरीत आणि दगडाच्या सगळ्या अंगांना असतात. नदीपात्रातले रांजणखळगे वेगळे, ते पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी पडतात. तुमच्या बरडावर त्यांचा प्रश्न नाही. सारख्या मापाचे, आतून गुळगुळीत खळगे असतील तर माणसाचा संशय धरा.

पण माणूस म्हणजे आदिमानवच असं नाही. दोन समांतर ओळी, समोरासमोर सारखी घरं असतील तर तो गुराख्यांच्या खेळाचा पट असू शकतो. चौकोनी भोकांची सरळ ओळ असेल तर दगडफोड्यांनी पाचरीसाठी पाडलेली. एकच खोल खळगा असेल तर ते धान्य कांडायचं उखळ. तुम्ही ‘काही ओळीत’ लिहिलंत, तिथेच माझी शंका अडली आहे. विखुरलेल्या खळग्यांकडे मी जास्त लक्ष देईन.

कोकणाशी तुलना तर नकोच. तिथे जांभ्याचे सपाट सडे आहेत, त्यांवर हत्ती, मासे, माणसं अशा मोठाल्या आकृती कोरल्या आहेत. २०२२ साली त्या युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या. आपला दगड कठीण, आणि तुम्ही सांगता ते नुसते खळगे. प्रकरणच निराळं.

खडू मात्र ताबडतोब बंद करा. खडूची रेघ रंगवणाऱ्याच्या मनातली असते, आणि फोटो पाहणाऱ्याला तेवढीच दिसते. धुवायलाही जाऊ नका, पावसावर सोडा. शेंदराचं म्हणाल तर देवाला माझी हरकत नाही, शेजारचा दुसरा धोंडा द्या त्याला. तेल-शेंदूर खळग्यात बसला की ठोक्यांच्या खुणा बुजतात.

ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा. प्रत्येक खळग्याची रुंदी आणि खोली वहीत लिहा. ते सगळं राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवा. ठिकाण मात्र मोबाइलवर जगाला वाटू नका.

प्रश्न : शेजाऱ्याच्या शेतात सपाटीकरणासाठी जेसीबी येणार आहे. तिथेही असाच खळगे असलेला एक दगड आहे. तो उचलून शाळेत आणून ठेवू का?
– एक शिक्षिका, धुळे जिल्हा

उत्तर : ताई, शक्यतो नको. आधी शेजाऱ्याशी बोला. एक कोपरा तसाच सोडायला पुष्कळ शेतकरी तयार होतात. पुरातत्त्व विभागाला अर्ज द्या, त्याची प्रत तहसीलला. तरीही जेसीबी आलाच, तर दगड खडी क्रशरला जाण्यापेक्षा त्याच शेताच्या बांधावर गेलेला बरा. हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, मूळ जागा बांधापासून मोजून ठेवा, आणि वर कोणती बाजू होती, उत्तर कुठे होती, हे लिहून ठेवा. दगडावर नव्हे, कागदावर.