पोर्ट क्रेडिटला यायचंय? पहिलं वर्ष भाड्याने काढा

तुमचा प्रश्न असा: कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) हातात आहे, नोकरी टोरोंटो डाउनटाउनमध्ये, मुलगा आठ वर्षांचा, आणि शेजारच्या मिसिसागा शहरातलं पोर्ट क्रेडिट ‘तळ्याकाठचं ऐतिहासिक बंदरगाव’ म्हणून मनात भरलंय, तर पुण्यातला फ्लॅट विकून तिथे थेट घर घ्यावं का? मी त्याच गावात राहते. या, पण लगेच विकत घेऊ नका. हेरिटेज हा शब्द माहितीपत्रकात एक असतो आणि जमिनीच्या कागदावर दुसराच.

क्रेडिट नदीच्या पश्चिमेला, लेकशोर रोडच्या दक्षिणेला जुनं गावठाण आहे. २००४ मध्ये तो सगळा भाग वारसा संवर्धन क्षेत्र ठरला. तिथे घर घेतलंत तर आतलं स्वयंपाकघर तुमच्या मर्जीने बदला. पण बाहेरून खिडक्या बदलायच्या, मजला चढवायचा, जुनं पाडून नवं बांधायचं, की पालिकेची वेगळी हेरिटेज परवानगी लागते. मला ही कटकट मान्य आहे, कारण तिच्यामुळेच ती गल्ली अजून गल्ली राहिलीय.

मिसिसागा रोड साउथ ओलांडला की चित्र पालटतं. तिथे ७२ एकरांवर तेलशुद्धीकरण कारखाना होता. १९८० च्या दशकात तो बंद पडला आणि तेल मुरलेली ती जमीन कितीतरी वर्षं कुंपणाआड पडून होती. माती साफ करून आता तिथे ब्राइटवॉटर नावाची वसाहत उभी राहतेय. घरं छान आहेत, पण तिथे इतिहास म्हणजे शेजारच्या गल्लीतून उसना आणलेला. बंदराच्या पूर्वेला १८८९ पासूनचा स्टार्चचा कारखाना होता. त्याच्या मक्याच्या पाकाबरोबर आइस हॉकीपटूंचे फोटो मिळत, म्हणून इथल्या म्हाताऱ्यांना त्याचं नाव काढलं की बालपण आठवतं. तो १९९० च्या सुमारास बंद झाला. आता त्या जागी घरं आहेत, कचेरीची जुनी इमारत तेवढी राखलीय. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही.

खरा वारसा पाण्याजवळच आहे. व्यापारी इथल्या मूळनिवासी मिसिसागा लोकांना आधी माल उधार द्यायचे, पुढच्या हंगामात त्याच्या बदल्यात कातडी घ्यायचे. म्हणून नदीचं नाव क्रेडिट. उधारीची नदी! पुढे १८३० च्या दशकात बंदर बांधणारी कंपनी निघाली तेव्हा तिचे शेअर याच लोकांनी घेतले होते, आणि १८४७ मध्ये त्यांनाच हे गाव सोडून हॅगर्सव्हिलजवळ जावं लागलं. माहितीपत्रकात हे सापडणार नाही. तळ्याच्या, म्हणजे लेक ऑन्टारिओच्या, तळातून दगड उपसून टोरोंटोच्या बांधकामांना पुरवणारी सपाट बुडाची शिडाची जहाजंही इथलीच. दीपगृहाच्या फोटोवर मात्र भाळू नका. मूळ दीपगृह १९३६ मध्ये जळालं, आत्ताचं १९९१ चं. मरीनाच्या (बोटी लावायच्या धक्क्याच्या) तोंडाशी आडवं पडलेलं गंजकं जहाज मात्र अस्सल आहे: १९०५ मध्ये बांधलेलं ‘रिजटाउन’, १९७४ मध्ये लाटा अडवायला मुद्दाम बुडवलेलं. त्या मरीनाच्या जमिनीवरही घरांचा आराखडा आहे. म्हणून ‘हार्बर व्ह्यू’साठी जास्त पैसे मोजण्याआधी समोरच्या तुकड्यावर काय येणार, हे पालिकेच्या नियोजन खात्यात स्वतः विचारा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता पैशांचं. पीआर असल्यामुळे परदेशी खरेदीदारांवरची बंदी तुम्हाला लागू नाही. मिसिसागात जमीन हस्तांतरण कर फक्त प्रांताचा; टोरोंटोत शहराचाही वेगळा भरावा लागतो. भाड्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा: १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना ऑन्टारिओ प्रांताची भाडेवाढीची मर्यादा लागू नाही. वर्षातून एकदाच आणि ९० दिवस आधी लेखी कळवून, पण वाढ कितीही करता येते. आम्ही पहिल्या वर्षी चकचकीत नवी इमारत निवडली आणि दुसऱ्या वर्षाचं पत्र उघडून दोघंही गप्प बसलो. जुन्या इमारतीत लिफ्ट कुरकुरते, पण झोप लागते.

गो ट्रेनने (इथली लोकल) टोरोंटो डाउनटाउनचं युनियन स्टेशन साधारण अर्ध्या तासावर. हुरॉन्टारिओ रस्त्यावरची ट्राम पोर्ट क्रेडिट स्टेशनपासून वर उत्तरेला जाणार आहे. तिचं काम फार रेंगाळलंय, तिच्या भरवशावर घर निवडू नका. वाणसामानाला आम्ही वर एग्लिंटन रस्त्याकडे जातो, गावात कढीपत्ता शोधत फिरू नका. आणि शाळेचं नाव पत्त्यावर ठरतं, तेव्हा आधी शाळेची हद्द पाहा, मग घर.

घर बघायला जुलैत येऊ नका, तेव्हा हे गाव कोणालाही आवडतं. फेब्रुवारीत या आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर उतरून मुलाला घेऊन त्या घरापर्यंत चालत जा. ब्राइटवॉटर असेल तर वीस-पंचवीस मिनिटं लागतील, आणि पुलावर तळ्यावरचा वारा थेट तोंडावर येईल. टोपी कानांवरून येणारी आणा.