नागीण बरी झाली, आग का जात नाही?

प्रश्न : आईला (वय ६८) चार महिन्यांपूर्वी छातीच्या डाव्या बाजूला नागीण झाली होती. खपल्या पडून गेल्या, पण ब्लाऊज नुसता घासला तरी आग होते. दुखण्यावरच्या गोळ्यांनी फरक नाही. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन दिली. ती नैराश्याची गोळी आहे असं औषध दुकानदार म्हणाला, तेव्हापासून आई घ्यायला तयार नाही. म्हणते, 'मला काय वेड लागलंय?'
– एक वाचक, सांगली

उत्तर : आईंचं दुखणं खरं आहे आणि गोळीही योग्य आहे. हे त्यांना आधी सांगा.

कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून असतो. तो उठला की नागीण होते आणि त्या पेशींना इजा होते. त्वचा काही आठवड्यांत भरून येते, चेतापेशी तशा भरून येत नाहीत.

एरवी ठेच लागली की पहिली तीक्ष्ण कळ सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने पोहोचते. मागून येणारा ठणका बारीक, आवरण नसलेल्या तंतूंतून सेकंदाला ०.५ ते २ मीटरनेच सरकतो. दोन्ही निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागात येतात, तिथे पुढच्या पेशीकडे जातात, विरुद्ध बाजूला ओलांडतात आणि थॅलॅमस या मेंदूतल्या केंद्रामार्गे मेंदूच्या बाहेरच्या थरात पोहोचतात. पण या पहिल्याच टप्प्यावर त्यांची छाटणी होते. स्पर्शाचे जाड तंतू तिथल्या वेदना दाबणाऱ्या पेशींना चेतवतात, म्हणून मार लागलेली जागा चोळली की बरं वाटतं. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये वेदनेचे निरोप आत सोडणारं किंवा अडवणारं हे 'द्वार' मांडलं. त्यांच्या आराखड्यातले तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. शिवाय मेंदूकडून खाली येणारी एक वाट नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या मदतीने निरोप मज्जारज्जूतच दाबू शकते.

आईंच्या बाबतीत इजा झालेले तंतू विनाकारण निरोप सोडत राहतात. त्या माऱ्याने मज्जारज्जूतल्या पेशी अतिसंवेदनशील होतात, दाबणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात, आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून वर जातो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या सुजेवर काम करतात. इथे सूज उरलेलीच नाही. या वयात त्या रोज घेतल्या तर जठराला आणि किडनीला त्रास मात्र होतो.

अमिट्रिप्टिलिन त्या खाली येणाऱ्या वाटेला बळ देते. नैराश्यासाठी ती सहसा ७५ ते १५० मिलिग्रॅम लागते. वेदनेसाठी रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून डॉक्टर हळूहळू वाढवतात. गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, त्यामुळे चार दिवसांत सोडून देणं ही मोठी चूक. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, उठताना चक्कर येते. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायला सांगा. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा विकार किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच कळवा. ही गोळी सोसली नाही तर गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन आहे. किडनी कमजोर असेल तर त्यांचा डोस कमी करावा लागतो, आणि ती एकदम बंद करायची नाहीत. अखंड त्वचेवर ५ टक्के लिडोकेनची (बधिर करणाऱ्या औषधाची) पट्टी डॉक्टरांना विचारून लावता येते : १२ तास ठेवायची, १२ तास काढायची. कपडा मऊ सुती आणि अंगाला बसणारा हवा, कारण सैल कपडा सारखा घासतो. शेकू नका, बाम चोळू नका.

प्रश्न : नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, हे खरं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. चेतापेशींची प्रत्येक गाठ शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळते, म्हणून पुरळ बहुधा मध्यरेषेशी थांबतं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत ते अंगभर पसरू शकतं, आणि तसं झालं तर रुग्णालय गाठायलाच हवं. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेल्या उत्तम. गेरू लावण्यात हेच तास वाया जातात, याचं फार वाईट वाटतं. पन्नाशीनंतर घ्यायची लसही आहे : दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने.