पहिली स्पोर्ट बाईक घेतोयस? मग आधी हे वाच

मित्रा, थेट केटीएम आरसी ३९० वर उडी मारू नकोस. यामाहा आर१५ घे. १५५ सीसी, १८ पीएसच्या आसपास ताकद. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तेवढीही पुरून उरते. आरसी ३९० ची ताकद त्याच्या दुपटीहून जास्त आहे, आणि ओल्या रस्त्यावर नवख्या मनगटाला ती झेपत नाही.

शोरूममध्ये फोटो काढण्याआधी बाईकवर बसून बघ. आर१५ चं सीट ८१५ मिमी उंच आहे. दोन्ही पायांचे चवडे तरी नीट टेकायला हवेत, आणि बाईक मागे ढकलून बघायची. हँडल खाली असल्यामुळे सिग्नलला थांबून थांबून मनगटं भरून येतात, म्हणून टेस्ट राइड गर्दीच्या वेळीच घे. (मी रविवारी सकाळी घेतली आणि फसलो.)

सेकंडहँड चालेल, उलट तीच बरी. पहिल्या वर्षी बाईक एकदा तरी आडवी होतेच, आणि नव्या फेअरिंगचं (बाईकभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाचं) बिल बघून रडू येतं. फक्त फोर्क सील (पुढच्या शॉकअपमधलं तेल अडवणारं रबर) गळतंय का, चेन-स्प्रॉकेट (चेन आणि तिचं दातेरी चाक) किती झिजलंय, आरसी बुकवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) चेसिस नंबर बाईकवरच्या नंबराशी जुळतो का, हे बघ.

बजेटमधले पंधरा हजार हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेटसाठी आधीच बाजूला काढ.