डायनोवर गाडी नेण्यापूर्वी

एक्झॉस्ट किंवा एअर फिल्टर बदलला असेल, तरच डायनोचा, म्हणजे मागच्या चाकावरची शक्ती मोजून तिचा आलेख काढणाऱ्या यंत्रावरील चाचणीचा, खर्च करावा. स्टॉक (कंपनीतून आली तशीच असलेल्या) गाडीत त्यातून फारसे हाती लागत नाही, असे माझे मत आहे. चेनचा ताण, मागच्या टायरमधील हवा आणि क्लच आधी तपासून घ्या, कारण घसरणारा क्लच आलेखात इंजिनाचाच दोष भासतो. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० या मोटारसायकलची जाहीर शक्ती ४७ बीएचपी असली, तरी ती क्रँकवरची, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावरची आहे. गिअरबॉक्स आणि चेनमध्ये काही शक्ती खर्ची पडत असल्याने मागच्या चाकावर आकडा कमीच येणार, त्याने खट्टू होऊ नये. कमाल आकड्यापेक्षा हवा-इंधन प्रमाणाची रेषा पाहा: पूर्ण थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर) ते साधारण १३:१ असावे. शहरात सतत लागणाऱ्या अर्ध्या थ्रॉटलचे ट्यूनिंगही आवर्जून करून घ्यावे.